शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा: ठाणे-नवी मुंबईच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची लेक घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या पोडियमवर चाकांवर उभं राहायला शिकली आणि तिथून पुढे बर्फावर गेली. तेव्हापासून स्केटिंग क्लासच्या दोन ग्रुपांवर (एक ठाण्याचा, एक वाशी-नेरुळचा) तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. टाइप करून करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. मी कोच नाही. रिंकच्या कठड्याला टेकून, एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात ब्लेड पुसायचं फडकं धरून सहा वर्षं उभी राहिलेली आई आहे. त्यामुळे मधूनमधून माझी मतंही येतील, तेवढं चालवून घ्या.

शॉर्ट ट्रॅक आणि साधं स्पीड स्केटिंग यांत फरक काय?

ज्याला आपण 'साधं' म्हणतो ते लाँग ट्रॅक. ४०० मीटरचा मोठा ट्रॅक, बहुतेक शर्यतींत दोघं-दोघं आपापल्या लेनमधून जातात आणि खरी चुरस घड्याळाशी असते. शॉर्ट ट्रॅक आइस हॉकीच्या ६० बाय ३० मीटरच्या रिंकवरच होतं. एक लॅप १११.१२ मीटरचा. लेन नाहीत. चार-पाच जण, १५०० मीटरला त्याहून जास्त, एका रेषेवरून एकदम सुटतात आणि जो आधी पोहोचेल तो जिंकतो. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात खरी, पण पदक मिळतं ते नंबरावर.

आपल्या भाषेत सांगायचं तर लाँग ट्रॅक म्हणजे पहाटे रिकाम्या पाम बीच रोडवरून गाडी काढणं. शॉर्ट ट्रॅक म्हणजे सकाळी ठाण्याहून सीएसएमटी फास्ट पकडणं. जिन्यावरून कोण किती जोरात पळत आला हे तिथे कोणी विचारत नाही. गाडी थांबली तेव्हा दारासमोर कोण उभा होता, एवढंच. वेग तिथे सगळ्यांकडेच असतो, भांडण जागेचं असतं. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

ट्रॅकवर रेघा दिसत नाहीत. मग कुठून जायचं ते कळतं कसं?

प्रत्येक वळणावर सात काळे रबरी ठोकळे मांडलेले असतात. त्यांच्या बाहेरून जायचं. हात किंवा डोकं ठोकळ्यांच्या वरून आत गेलं तर चालतं, ब्लेड आतून गेलं तर बाद. ठोकळे बर्फात पक्के बसवलेले नसतात, पाय लागला की उडून लांब जातात. लगेच एक माणूस धावत येऊन नवा ठोकळा ठेवतो, तेही मागून पुढची मंडळी येत असताना. आमच्या सासूबाईंना सगळ्या खेळात हाच माणूस सर्वांत जास्त आवडतो.

अजून एक गंमत बघा. दर काही शर्यतींनंतर ठोकळे एकेक मीटर सरकवतात. सगळे त्याच जागी वळले की बर्फाला चर पडतो, म्हणून एकाच रिंकवर असे पाच ट्रॅक आखलेले असतात आणि ते आलटून-पालटून वापरतात. दोन शर्यतींच्या मधे बादलीने वळणावर पाणी ओततात, ते गोठून खड्डे बुजतात. इतका महागडा आंतरराष्ट्रीय खेळ, आणि त्याचा बर्फ टिकतो तो बादलीवर. आपल्याकडच्या रस्त्यांचे खड्डे असे बुजले असते तर!

कोणकोणत्या अंतरांच्या शर्यती असतात?

वैयक्तिक तीन: ५००, १००० आणि १५०० मीटर. म्हणजे साडेचार, नऊ आणि साडेतेरा लॅप. अर्ध्या लॅपमुळे ५०० आणि १५०० ची सुरुवात अंतिम रेषेच्या समोरच्या बाजूने होते. बसायची जागा निवडताना हे लक्षात ठेवा. रिले तीन: महिलांची ३००० मीटर, पुरुषांची ५००० मीटर आणि मिश्र २००० मीटर.

लहान गटांच्या स्पर्धांत २२२, ३३३, ७७७ असे आकडे दिसतील. छपाईची चूक नाही ती. दोन, तीन आणि सात लॅप, बस्स.

पहिले काही लॅप सगळे आरामात का फिरतात? पैसे वसूल होत नाहीत असं वाटतं.

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि तोही १५०० मीटरबद्दलच. पुढे राहणाऱ्याला वारा कापावा लागतो. मागच्याला त्याच्या आडोशाने फुकटात वेग मिळतो. म्हणून सुरुवातीला कोणालाच पुढे व्हायचं नसतं. सगळे एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' म्हणत फिरतात, पंगतीत शेवटचा लाडू उचलताना करतात तसं. सात-आठ लॅप उरले की एकदम कोणीतरी बाहेरून निघतो आणि मग पुढचा दीड मिनिट जागेवर बसवत नाही.

दुसरं कारण फेऱ्यांचं. प्राथमिक फेऱ्यांतून साधारण पहिले दोघं थेट पुढे जातात, शिवाय वेळेवर किंवा चांगल्या तिसऱ्या नंबरावर काही जण. म्हणजे हीटमध्ये दुसरं येणं पुरेसं असतं. एका दिवसात तीन-चार वेळा शर्यत लावायची असेल तर शहाणा स्केटर पहिल्याच फेरीत पायांतली ताकद उधळत नाही. माझी लेक अजून उधळते.

५०० मीटरला हे काही चालत नाही. तिथे पिस्तूल वाजल्यापासून जीव खाऊन पळायचं, कारण साडेचार लॅपमध्ये मागे टाकायला जागाच मिळत नाही. सुरुवातीच्या रेषेवर आतली जागा मिळणं म्हणजे निम्मी शर्यत. सुरुवातीलाच पहिल्या वळणावर आपटाआपटी झाली तर शर्यत पुन्हा सुरू करतात, आणि पिस्तुलाच्या आधी हललेल्यांना एकदा ताकीद मिळते. दुसऱ्यांदा ज्याच्याकडून चूक होईल तो बाहेर.

वळणावर हात बर्फाला का टेकवतात? पडायला आल्यासारखं वाटतं.

पडायला आलेलेच असतात, म्हटलं तरी चालेल. वू दाजिंग या चिनी स्केटरने २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकची ५०० मीटरची फायनल ३९.५८४ सेकंदांत जिंकली, तो त्या वेळचा विश्वविक्रम होता. सरासरी काढा, ताशी ४५ किलोमीटरच्या वर जाते. सुरुवात उभ्या जागेवरून आहे, म्हणजे मधला वेग त्याहून जास्त. आणि ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या अवघी ८ मीटर. आता कल्पना करा, घोडबंदर रोडला फ्लायओव्हरच्या वेगाने आलेली बाइक सोसायटीच्या गेटमध्ये त्याच वेगाने वळवायची. शरीर आतल्या बाजूला जमिनीला टेकेपर्यंत झुकवल्याशिवाय ते होत नाही. डावा हात आधाराला नाही, तोल कुठे आहे ते चाचपायला खाली जातो. भार हातावर दिला की संपलं.

म्हणून डाव्या हातमोज्याच्या बोटांना टोकाशी कडक गुळगुळीत टोप्या लावलेल्या असतात, नाहीतर कापड बर्फाला अडकून हात मागे खेचला जाईल. शर्यत नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे वळण कायम डावीकडेच. त्यामुळे उजव्या हाताला हे लाड नाहीत.

त्यांचे स्केट हॉकीच्या स्केटपेक्षा वेगळे असतात का?

खूप. ब्लेड लांब आणि पातळ, आणि ते बुटाच्या मधोमध बसवलेलं नसून डावीकडे सरकवलेलं असतं. वळताना बूट बर्फाला घासू नये म्हणून. ब्लेड हातात घेऊन डोळ्यासमोर धरलं तर ते सरळ नाही, किंचित डावीकडे वाकवलेलं आहे हे दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं प्रवासात वाकलं, आणि मी जवळजवळ ते परत पाठवणार होते! टोकं गोल केलेली असतात, कोणाला भोसकलं जाऊ नये म्हणून. लाँग ट्रॅकवाल्यांच्या स्केटची टाच ब्लेडपासून सुटते आणि 'टप टप' आवाज येतो, तसं इथे नसतं. बूट आणि ब्लेड पक्कं जोडलेलं.

पहिला आला त्याला बाद का केलं? हा काय न्याय आहे?

आमच्याकडे टीव्हीवर शर्यत लागली की सासूबाई सोफ्यावर येऊन बसतात. एकदा बिजिंग ऑलिंपिकची २०२२ ची पुरुषांची १००० मीटरची फायनल पुन्हा दाखवत होते. हंगेरीचा लिऊ शाओलिन सांदोर रेषेवर पहिला आला, हात वर केले. मग रेफरी स्क्रीनसमोर जाऊन बसला. बराच वेळ गेला. शेवटी लिऊला दोन चुकांबद्दल पिवळं कार्ड मिळालं आणि सुवर्ण गेलं चीनच्या रेन झिवेईला. सासूबाई म्हणाल्या, "पुढे होता ना तो? मग पुढच्याला काढतात होय?" हा एक प्रश्न समजून घेतला की खेळ समजला.

नियमाचा गाभा असा आहे. मागून येणाऱ्याने पुढच्याला ओलांडायचं असेल तर जबाबदारी ओलांडणाऱ्याची. धडक झाली तर 'मी आत शिरलो होतो' हे चालत नाही. पण पुढे असणाऱ्यालाही मोकळीक नाही. मागून कोणी बाहेरून येतोय हे पाहून त्याच्या वाटेत सरकणं, हाताने ढकलणं, कोपराने अडवणं, मुद्दाम संथ होणं, रेषेजवळ धोकादायक रीतीने पाय फेकणं, या सगळ्याला पेनल्टी आहे. साधी पेनल्टी मिळाली की त्या शर्यतीतला निकाल गेला. धोकादायक असेल तर पिवळं कार्ड. दोन पिवळी म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे स्पर्धाच संपली.

याचीच दुसरी बाजू लोकांना माहीत नसते. तुम्ही पुढे जाण्याच्या नंबरावर होतात आणि दुसऱ्याने तुम्हाला पाडलं, तर रेफरी तुम्हाला पुढच्या फेरीत घेऊ शकतो. निकालाच्या तक्त्यात नाव शेवटी असतं आणि तरी पुढच्या फेरीत ती मुलगी उभी दिसते. पालकांनी आयोजकांच्या टेबलाकडे धाव घेण्याआधी एवढं बघून घ्यावं. मी एकदा धावले होते. त्यानंतर काय झालं ते इथे लिहिणार नाही.

वाद अर्थातच होतात. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीला १५०० मीटरमध्ये कोरियाचा किम दाँग-साँग पहिला आला, पण अमेरिकेच्या अपोलो ओनोची वाट अडवली म्हणून बाद झाला आणि सुवर्ण ओनोला गेलं. कोरियात त्यावरून जो राग उसळला तो वर्षानुवर्षं टिकला. शॉर्ट ट्रॅकमध्ये ऑलिंपिकची सर्वांत जास्त सुवर्णपदकं कोरियाची आहेत, तिथे हा खेळ आपल्याकडच्या क्रिकेटइतकाच जिव्हाळ्याचा. त्यावरून अंदाज करा.

माझं मत विचाराल तर रेफरी बहुतेक वेळा बरोबर असतात. प्रेक्षक पुढच्याकडे बघतो आणि चूक घडते तिसऱ्या नंबरच्या कमरेजवळ. पुढच्या वेळी शर्यत बघताना आघाडीवरच्याला सोडा, तिसऱ्याकडे बघा. तो कुठे जागा शोधतोय ते दिसायला लागलं की शर्यतीचा शेवट दोन लॅप आधी कळतो.

मग हा नशिबाचाच खेळ झाला. तो ऑस्ट्रेलियाचा शेवटचा होता आणि जिंकला ना?

स्टीव्हन ब्रॅडबरी. पुन्हा २००२, सॉल्ट लेक सिटी, १००० मीटर. उपांत्यपूर्व फेरीत पुढचा एक जण बाद झाला म्हणून हा पुढे गेला. उपांत्य फेरीत पुढचे पडले म्हणून हा पुढे गेला. फायनलमध्ये शेवटच्या वळणावर ओनो, आन ह्यून-सू, ली जियाजुन आणि मॅथ्यू टर्कॉट हे चौघेही एकमेकांवर कोसळले. मागे बऱ्याच अंतरावरून येणारा ब्रॅडबरी उभ्याउभ्याच रेषा ओलांडून गेला. दक्षिण गोलार्धातल्या कुठल्याही देशाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण.

हा व्हिडिओ ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी टाकतं, खाली हसण्याच्या बाहुल्या. पण पुढचं कोणी लिहीत नाही. १९९४ ला लिलहॅमरमध्ये ऑस्ट्रेलियाने रिलेत कांस्य जिंकलं, ते त्या देशाचं पहिलं हिवाळी ऑलिंपिक पदक, आणि त्या संघात ब्रॅडबरी होता. त्याच वर्षी एका शर्यतीत दुसऱ्याच्या ब्लेडने त्याची मांडी चिरली, १११ टाके पडले. २००० मध्ये सरावात मान मोडली. २००२ ला तो इतरांपेक्षा संथ आहे हे त्याला स्वतःला पक्कं माहीत होतं, आणि घोळक्यापासून लांब राहायचं हे त्याने ठरवून केलं होतं. वर म्हटलं ना, भांडण जागेचं. ज्या जागेवर अपघात होणार नव्हता त्या जागेवर तो उभा होता. त्याला नुसतं नशीब म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रिलेत एकमेकांच्या मागून ढकलतात ते काय असतं?

खो! अगदी खो-खोतला खो समजा. फक्त 'खो' म्हणायचं नाही, आणि पाठीवर थाप न मारता दोन्ही हात कमरेखाली लावून सगळं वजन टाकून ढकलायचं. ज्याची पाळी येणार तो आतल्या बाजूने फिरत वेग घेऊन बरोबर समोर येतो, खाली बसतो, मागचा येऊन त्याला ढकलतो. दमलेल्याचा वेग ताज्याला मिळतो. बॅटन वगैरे काही नाही. एका संघाचे चार जण, साधारण दीड-दीड लॅपची पाळी, म्हणजे पुरुषांच्या ४५ लॅपमध्ये पंचवीस-तीस वेळा हा खो. शेवटचे दोन लॅप मात्र एकानेच करायचे, मधे पडला तरच दुसरा घेऊ शकतो.

मिश्र रिले २०२२ ला बिजिंगमध्ये पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली आणि पहिलं सुवर्ण यजमान चीनला गेलं. दोन मुली, दोन मुलगे. त्यात मुलीने मुलाला ढकलायचं असतं तो क्षण नीट बघा. बराच जड ऐवज पुढे सरकवायचा असतो बिचारीला.

ज्या मुलांनी शाळेत खो-खो खेळलंय त्यांना रिले लवकर कळते हे आमच्या कोचचं निरीक्षण. पाळीवर बसलेला असतानाच कान आणि डोळे मागे ठेवायची सवय लागते म्हणून असेल.

रेषेजवळ पाय पुढे का फेकतात?

कारण आधी कोण पोहोचलं ते ब्लेडच्या टोकावरून ठरतं, छातीवरून नाही. ब्लेडचं टोक आधी नेलं की काही हजारांश सेकंद मिळतात.

याच धर्तीचा चाकांवरचा किस्सा मी क्लासच्या प्रत्येक मुलाला सांगते. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ऑक्टोबर २०२३ ला रोलर स्केटिंगची पुरुषांची ३००० मीटर रिले होती. कोरियाचा शेवटचा स्केटर जिंकल्याच्या आनंदात रेषेआधीच हात वर करून उभा राहिला. शेजारच्या तैवानच्या मुलाने पाय पुढे घातला. ०.०१ सेकंदाने सुवर्ण गेलं. त्या शर्यतीत तिसरा भारत होता: आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार आणि आपले सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे. भारतीय मुलींनीही त्याच दिवशी रिलेचं कांस्य आणलं.

धोकादायक आहे का? खरं सांगा.

आहे. घोळक्यात धारदार ब्लेड असतात. म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हेल्मेट, गळ्याचं संरक्षण, कापलं न जाणारा सूट, हातमोजे, नडगी आणि गुडघ्याचं संरक्षण, हे सगळं असल्याशिवाय बर्फावर पाऊल टाकू देत नाहीत. रिंकच्या भिंतींना जाड गाद्या लावतात. मोठ्या रिंकमध्ये लाकडी कठडा काढून फक्त गाद्याच ठेवतात, आदळलं की मागे सरकतात.

सरावाला 'आज सूट राहू दे, उकडतंय' असं मूल म्हणेल. ऐकायचं नाही.

भारतात आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते का, की कायम परदेशीच?

झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० ते २३ तारखेला देहरादूनच्या हिमाद्री रिंकवर एशियन ओपन शॉर्ट ट्रॅक ट्रॉफी झाली. ही रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलेली, मग कित्येक वर्षं बंद पडून होती. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पूर्ण मापाची बंदिस्त बर्फाची रिंक देशात आहे आणि ती चौदा वर्षांत बहुतेक काळ कुलूपबंद, हे मला अजून पचत नाही. लेहला थंडीत नैसर्गिक बर्फावर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात, तिथे आपल्या महाराष्ट्राची मुलं जातात.

जागतिक पातळीवर या खेळाचा कारभार आयएसयू, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना बघते. १८९२ ची संस्था, कचेरी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला. शॉर्ट ट्रॅक १९८८ ला कॅलगरीत प्रदर्शनीय खेळ होता, १९९२ ला आल्बर्टव्हिलपासून पदकं सुरू झाली. २०२४-२५ च्या मोसमापासून जुन्या वर्ल्ड कपच्या जागी वर्ल्ड टूर आली. शिवाय वर्षातून एकदा जागतिक अजिंक्यपद.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बर्फाची रिंक कुठे आहे?

शॉर्ट ट्रॅकच्या मापाची? नाही. मॉलमधल्या स्नो पार्कमध्ये जाकीट भाड्याने घेऊन घसरगुंडी खेळता येते, त्याला सराव म्हणू नका. आमचा क्रम असा: वर्षभर इथे इनलाइनवर (एका रांगेतल्या चाकांच्या स्केटवर) सराव, घरी गुडघे वाकवून बसायचा आणि एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम, आणि सुट्टीत बर्फाचं शिबिर. एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) हरिद्वार, तिथून बसने देहरादून. ब्लेडची पिशवी वरच्या बर्थवर ठेवायची आणि रात्रभर त्यावर डोळा.

मूल रोलर चांगलं करतं. बर्फ सोपा जाईल का?

अर्धा. खाली बसायची सवय, वळणावर पाय ओलांडून टाकणं आणि घोळक्यात न घाबरणं हे चाकांवरून थेट बर्फावर येतं. थांबणं येत नाही. आमची लेक चार वर्षं इनलाइन करून पहिल्यांदा बर्फावर उतरली, दोन लॅप झकास मारले, आणि थांबायची वेळ आली तेव्हा सवयीने मागचा पाय आडवा घासायला गेली. चाक घासतं, ब्लेड रुततं. ती गादीत आणि तिचा कोच तिच्यामागे. उठून पहिलं वाक्य: "आई, ब्रेक कुठे आहे?"

पहिल्या दोन दिवसांत थांबायलाच शिकवा, वेग नंतर. आणि एक कागदपत्राची गोष्ट: चाकांची संघटना वेगळी, बर्फाची वेगळी. रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाकडची नोंदणी आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडियाच्या स्पर्धेला चालत नाही. ऐनवेळी धावपळ नको.

चाकांवरच राहायचं ठरवलं तरी त्यात कमीपणा नाही. आनंदकुमार वेलकुमार २०२५ मध्ये चीनमध्ये १००० मीटर स्प्रिंटचा जगज्जेता झाला. तोही चाकांवरच.

ब्लेडला धार इथे कोण लावून देतं?

घरी लावा. हे मी किंमत मोजून शिकले. एका दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, मशीनवर पाच मिनिटांत करून देतो. करून दिली. हॉकी आणि फिगर स्केटिंगच्या ब्लेडला तळाशी मधे खोबण असते, मशीन तशीच धार लावतं. शॉर्ट ट्रॅकचं ब्लेड तळाशी सपाट हवं, दोन्ही कडा काटकोनात. त्याने आमच्या ब्लेडला सुंदर खोबण पाडून दिली, आणि लांबीतला हलका गोलावाही बिघडवला, तो परत आणायला निम्मं ब्लेड घासावं लागलं.

पद्धत अशी. दोन्ही स्केट उलटे करून जिग नावाच्या चौकटीत शेजारी-शेजारी घट्ट बसवायचे. दगडावर थेंबभर तेल. दगड दोन्ही ब्लेडवर एकदम, न डगमगता, लांब-लांब फिरवायचा. दहा-पंधरा मिनिटांनी कडेला नखाला लागेल अशी बारीक खरखर येते, ती बाजूने छोट्या दगडाने अलगद काढायची. नख कडेवर आडवं ओढलं आणि नखाचा पांढरा भुगा निघाला की धार लागली. आमच्या डायनिंग टेबलावर रविवारी दुपारी हाच कार्यक्रम असतो, घरभर तेलाचा वास. घासलेल्या लोखंडाची काळी पेस्ट टेबलक्लॉथला लागली की जात नाही, जुनी वर्तमानपत्रं अंथरा.

पावसाळ्यात ब्लेड गंजतात. उपाय?

इथल्या हवेत जुलैत सुरीही गंजते. बर्फावरून उतरल्या उतरल्या कोरडं पुसायचं, घरी आल्यावर पुन्हा एकदा. प्लॅस्टिकचं कडक कव्हर फक्त चालण्यापुरतं, त्यात ठेवून विसरलात तर दोन दिवसांत तांबूस डाग. कपड्याच्या पिशवीत ठेवा, तेलाचं बोट फिरवा.

प्रेक्षक म्हणून जाताना काय न्यायचं?

बाहेर ऑगस्टचा पाऊस आणि आत फ्रिज, असं असतं. पायमोजे दोन जोड्या, बसायला काहीतरी जाड, कारण थंडी खालून चढते. थर्मास. आणि चिवडा न्यावा, पोळीभाजी तासाभरात दगड होते. मुलाच्या बॅगेत कोरडा सूट वेगळा ठेवा. सुरुवातीच्या वेळी मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवायचा, यावर बऱ्याच रिंकमध्ये रागावतात.

परदेशातल्या स्पर्धा आपल्याकडे किती वाजता दिसतात?

हिवाळ्यात इटली, नेदरलँड्स आपल्या साडेचार तास मागे, माँट्रियल साडेदहा तास मागे. बिजिंग अडीच तास पुढे, सोल साडेतीन. म्हणजे युरोपातली संध्याकाळची फायनल आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास, आणि आशियातली ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत किंवा दुपारच्या चहाला. सासूबाई युरोपवाल्या बघतात. म्हणतात, ठोकळे ठेवणारा माणूस आला की उठव.